आठ डॉलरपासून अडीच लाख डॉलरपर्यंत : भारतीयाच्या परदेशी खात्याचा इतिहास

उन्हाळ्यात भारतात सायंकाळचे सात वाजले की न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडतो. पुण्यात किंवा नांदेडमध्ये बसलेला एखादा नोकरदार तरुण त्या वेळी मोबाइलवरून अमेरिकी कंपनीचा अर्धा समभाग विकत घेतो. त्याने परदेशी दलाली पेढीत खाते उघडलेले असते, आपल्या बँकेतून डॉलर पाठवलेले असतात आणि यात त्याला विशेष असे काही वाटत नाही. हेच कृत्य १९७५ साली त्याच्या आजोबांनी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीविना केले असते, तर तो फौजदारी गुन्हा ठरला असता. रक्कम एक लाख रुपयांहून अधिक असती, तर कायद्यातील शिक्षा होती किमान सहा महिने आणि कमाल सात वर्षांचा तुरुंगवास.

परदेशात खाते उघडून समभाग घेणे ही एरवी अगदी खासगी बाब. ती गुन्हा कशी झाली आणि पुन्हा हक्कासारखी कशी दिसू लागली, याचा हा धागा. त्यात दलालांपेक्षा सरकारी तिजोरीचा संबंध अधिक आहे.

आरंभ स्वातंत्र्यानंतरच्या समाजवादी धोरणात झाला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. आरंभ झाला सप्टेंबर १९३९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाबरोबर. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारताच भारतात डिफेन्स ऑफ इंडिया रूल्सखाली परकीय चलनावर नियंत्रण आले. ते राबवण्याचे काम मुंबईतील रिझर्व्ह बँकेकडे सोपवण्यात आले. बँक तेव्हा अवघी साडेचार वर्षांची होती. तिच्यात परकीय चलन नियंत्रणाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. पौंड वापरणाऱ्या साम्राज्यांतर्गत देशांशी व्यवहार बऱ्याच अंशी मोकळे राहिले. खरा डोळा होता डॉलरवर. भारतीय निर्यातदाराने अमेरिकेत ताग विकून मिळवलेला डॉलर त्याच्या हाती राहत नसे. त्याला रुपये मिळत आणि डॉलर लंडनच्या सामायिक साठ्यात जाई. हाच तो ‘एम्पायर डॉलर पूल’. ब्रिटनला अमेरिकेकडून युद्धसामग्री घ्यायची होती.

म्हणजे डॉलर ही नागरिकाची मालमत्ता नसून सरकारने वाटून द्यायची वस्तू आहे, ही कल्पना भारतात प्रथम राबवली ती वसाहतीच्या सरकारने. स्वतंत्र भारताने ती वारशाने घेतली, आणि हे लक्षात ठेवायला हवे की ती नाखुशीने घेतली नाही.

युद्धकाळात ब्रिटनने भारतातून माल आणि सेवा घेतल्या, पण त्याचे पैसे रोख दिले नाहीत. ती रक्कम लंडनमध्ये भारताच्या नावे जमा होत गेली. यालाच स्टर्लिंग शिल्लक म्हणत. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ती सुमारे ११६ कोटी पौंड होती. एका अर्थाने हे भारताचे पहिले मोठे परदेशी खाते, आणि तेही गोठवलेले. १९४४ च्या जुलैमध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने हा प्रश्न मांडला. त्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते आणि मुंबईच्या उद्योगविश्वातले अर्देशीर श्रॉफही होते. हा दोन देशांमधला प्रश्न आहे, तो या परिषदेत नको, अशी ब्रिटनने भूमिका घेतली आणि ती टिकली. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या देशमुखांनी पुढे याच शिलकीच्या वाटाघाटींत बराच काळ घालवला.

त्याच वर्षी टाटा, बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास, श्रॉफ प्रभृतींनी ‘बॉम्बे प्लॅन’ प्रसिद्ध केला होता. दहा हजार कोटी रुपयांच्या त्या आराखड्यात स्टर्लिंग शिलकीतून हजार कोटी येतील असे धरले होते. देशातील मोठ्या भांडवलदारांनाही परकीय चलन हे राष्ट्रीय योजनेचे इंधन वाटत होते. प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ते खर्च करावे, असे तेव्हा फारसे कोणी म्हणत नव्हते. पुढे हेच श्रॉफ सरकारी नियंत्रणांचे कडवे टीकाकार झाले, पण ती नंतरची गोष्ट.

२५ मार्च १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या जवळपास पाच महिने आधी, परकीय चलन नियमन कायदा लागू झाला. हाच पहिला ‘फेरा’. आरंभी तात्पुरता मानला गेलेला हा कायदा १९५७ मध्ये कायमचा करण्यात आला. ते वर्ष योगायोगाचे नव्हते. दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ मध्ये सुरू झाली होती. पोलाद कारखाने, अवजड यंत्रे, रेल्वेसाठी सामग्री, सगळेच परदेशातून येत होते. दोन वर्षांत स्टर्लिंग शिलकीचा बहुतांश भाग संपला. नोटांच्या पाठीशी किती परकीय निधी हवा, याची अटसुद्धा कायदा बदलून शिथिल करावी लागली. १९५८ च्या ऑगस्टमध्ये जागतिक बँकेने भारताला मदत करणाऱ्या देशांची बैठक बोलावली. याच धामधुमीच्या आरंभी, १ मे १९५६ रोजी, अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागात फेराचे उल्लंघन हुडकण्यासाठी एक छोटे पथक स्थापन झाले होते. दिल्लीत मुख्यालय, मुंबई आणि कलकत्त्याला शाखा. आज ज्याला सारे ‘ईडी’ म्हणतात, त्याचे हे मूळ.

या काळातील सरकारी तर्क समजून घेतला नाही, तर पुढचे सारे हास्यास्पद वाटते. सरकारच्या हिशेबात एखाद्या नागरिकाने न्यूयॉर्कमध्ये समभाग घेण्यासाठी पाठवलेला हजार डॉलर म्हणजे एका यंत्राचा सुटा भाग, औषधाच्या काही पेट्या किंवा खनिज तेलाची काही पिंपे कमी. गहू तरी पीएल-४८० खाली रुपयांत मिळत होता. बाकी साऱ्याला डॉलर लागत. गंगाजळी आटलेली असताना नागरिकाच्या गुंतवणुकीचा हक्क ही चैन वाटणे स्वाभाविक होते. भीती खोटी नव्हती. तिच्यावर शोधलेला उपाय किती शहाणपणाचा होता, हा वेगळा प्रश्न.

६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, ते आता साडेसात रुपये पडू लागले. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याची किंवा प्रवाशाची त्या दशकातली आठवण ठरलेली असे : ‘पी फॉर्म’ची मंजुरी मिळवण्यासाठी घातलेले खेटे, आणि खिशात तीन पौंड, म्हणजे सुमारे आठ डॉलर. परक्या विमानतळावर उतरलेल्या त्या पिढीतल्या कितीतरी डॉक्टर आणि अभियंत्यांच्या आत्मकथनांत हा आठ डॉलरचा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. ज्याला प्रवासालाच आठ डॉलर, त्याने परदेशी दलालाकडे खाते उघडण्याची कल्पना तरी कशी करावी?

पण हा संशय एकट्या भारताचा होता असे समजू नये. खुद्द ब्रिटनमध्ये युद्धानंतर १९४७ च्या कायद्याने चलन नियंत्रण चालूच राहिले. लंडनच्या गुंतवणूकदाराला अमेरिकी समभाग घ्यायचा असेल, तर त्याला अधिकृत दराने डॉलर मिळत नसत. ब्रिटिशांकडे आधीच असलेल्या परदेशी रोख्यांच्या विक्रीतून जे डॉलर येत, त्यांचा एक बंदिस्त साठा होता. त्यातूनच, वर चढा अधिमूल्य देऊन, ‘इन्व्हेस्टमेंट डॉलर’ घ्यावे लागत. एकाने विकले तरच दुसऱ्याला घेता येई. १९६५ पासून तर विक्रीनंतर हाती आलेल्या अशा चलनाचा चतुर्थांश भाग अधिकृत दराने सरकारला देणे भाग पडले, म्हणजे तेवढ्या भागावरचे अधिमूल्य गमवावे लागे. ही व्यवस्था मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ऑक्टोबर १९७९ मध्ये मोडीत काढली. सिटी ऑफ लंडन जगाचे वित्तीय केंद्र म्हणून नव्याने उभे राहिले, त्याच्या मुळाशी हाही एक निर्णय आहे.

इस्रायलमध्ये तर एका परदेशी खात्याने पंतप्रधान घरी गेला. यित्झाक राबिन १९६८ ते १९७३ या काळात वॉशिंग्टनमध्ये राजदूत होते. तेथे उघडलेले खाते परतल्यावर बंद करायला हवे होते, कारण इस्रायली नागरिकाने परवानगीविना परदेशात चलन ठेवणे बेकायदा होते. ते बंद झाले नाही. १९७७ च्या मार्चमध्ये ‘हारेत्झ’च्या डॅन मार्गालित या पत्रकाराने ही बातमी फोडली. एप्रिलमध्ये राबिन यांनी पंतप्रधानपदाची उमेदवारी सोडल्याचे जाहीर केले. त्यांच्या पत्नी लीया यांना अडीच लाख इस्रायली पौंडांचा दंड झाला. मे महिन्याच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष प्रथमच सत्तेबाहेर गेला आणि नव्या सरकारने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चलनावरील बरेचसे निर्बंध उठवले! राबिन सहा महिने उशिरा पकडले गेले असते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारू नये म्हणतात. मोह मात्र होतो.

भारतात मात्र याच दशकात फास अधिक आवळला गेला. १९७३ चा नवा फेरा १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. जुन्या कायद्यापेक्षा तो पुष्कळ विस्तृत आणि पुष्कळ कठोर होता. त्यातील कलम ५९ विशेष वाचण्याजोगे आहे. फौजदारी न्यायाचा सर्वसाधारण नियम असा की आरोपीचा गुन्हेगारी हेतू सरकार पक्षाने सिद्ध करावा. या कलमाने हेतू होताच असे गृहीत धरले आणि तो नव्हता हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकले. चुकून राहिलेले खाते आणि मुद्दाम लपवलेले खाते यांतला भेद आता खातेदाराने स्वतः, आणि संशयाला जागा न ठेवता, सिद्ध करायचा होता. त्याच वर्षी, १९७४ मध्ये, ‘कोफेपोसा’ आला. तस्करी आणि परकीय चलनाच्या प्रकरणांत खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला.

आता या कायद्यातला उपरोध. फेराच्या कलम २९ नुसार भारतातील परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग पडले. उच्च तंत्रज्ञान किंवा निर्यात यांच्या आधारे काहींना सूट मिळाली. हिंदुस्थान लिव्हरच्या परदेशी पालक कंपनीने अशाच मार्गाने ५१ टक्के राखले. कोका-कोलाने १९७७ मध्ये देश सोडला, आयबीएमही पाठोपाठ गेली. ही दोन नावे सर्वांना ठाऊक असतात. ज्या कंपन्या थांबल्या त्यांचे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांनी आपले समभाग भारतीय जनतेला विकले, आणि किंमत ठरवत होते सरकारचे भांडवल निर्गम नियंत्रक. ती किंमत बाजाराच्या मानाने बरीच कमी असे. कोलगेटसारख्या कंपनीचा समभाग दादर-गिरगावच्या मध्यमवर्गीयाच्या हाती आला तो असा. ज्या कायद्याने त्याला न्यूयॉर्कमध्ये समभाग घ्यायला मनाई केली, त्याच कायद्याने न्यूयॉर्कच्या कंपनीचा मुंबईतला हिस्सा स्वस्तात त्याच्या पदरात टाकला. दलाल स्ट्रीटवर सामान्य गुंतवणूकदाराचा वर्ग या दशकात वाढला, त्यात फेराचा वाटा मोठा आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे उद्दिष्ट मुख्य नव्हते.

दुसरा परिणाम मात्र काळाकुट्ट होता. सरकारी दराने डॉलर स्वस्त, पण मिळत नाही. चोरबाजारात मिळतो, पण महाग. या दोन दरांतल्या फटीत हवाला वाढला. त्याची रीत साधी होती. कोकणातला एखादा माणूस दुबईत मजुरी करतो. त्याला घरी पैसे पाठवायचे आहेत. तो आपले दिरहम तेथल्या हवालेवाल्याला देतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रत्नागिरीजवळच्या त्याच्या गावी कोणीतरी येऊन घरच्यांच्या हाती रोख रुपये ठेवतो, आणि तेही बँकेच्या दरापेक्षा जास्त. दिरहम भारतात आलेच नाहीत. त्यातून दुबईत सोने घेतले गेले, ते लाँचने किनाऱ्यावर उतरले. किंवा मुंबईतल्या एखाद्या व्यापाऱ्याने येथे रुपये दिले आणि ते दिरहम त्याच्या परदेशी खात्यावर पडले. निर्यातीचे बिल कमी दाखवून आणि आयातीचे फुगवूनही हेच साधे. म्हणजे परदेशी खाती होतीच. ती उघडण्याची ऐपत आणि ओळख असलेल्यांची होती. पकडला जाई तो बहुधा चार नोटा जास्त बाळगणारा प्रवासी. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण फेरासाठीच केली असावी असे वाटावे, अशी ही स्थिती.

सरकारलाही हे दिसत नव्हते असे नाही. दंडुका एका हाती धरून दुसऱ्या हाताने आमंत्रण दिले जात होते. १९७० मध्ये अनिवासी भारतीयांसाठी ‘एनआरई’ खाती सुरू झाली, १९७५ मध्ये परकीय चलनातील ठेवी आल्या. व्याज आकर्षक, करात सूट, मुद्दल केव्हाही परत नेण्याची मुभा. भारतात राहणाऱ्याला परदेशी खाते निषिद्ध, आणि परदेशी राहणाऱ्या त्याच्या सख्ख्या भावाला भारतात खाते उघडण्यासाठी पायघड्या! हा पैसा आला तसा गेलाही. १९९० च्या अखेरीपासून आखाती संकट आणि राजकीय अस्थिरता यांमुळे अनिवासींनी ठेवी काढायला सुरुवात केली.

१९९१ च्या मध्यास गंगाजळी सुमारे एक अब्ज डॉलरवर आली. दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल एवढीच. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने स्वित्झर्लंडच्या यूबीएसला परतखरेदीच्या अटीवर विकले गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला गेले आणि त्याच्या तारणावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून ४० कोटी ५० लाख डॉलर उभे राहिले. नागरिकाने आपली पुंजी परदेशी बँकेत ठेवू नये म्हणून तुरुंग दाखवणाऱ्या राज्याला आता स्वतःचे सोने परदेशी बँकेच्या तळघरात ठेवावे लागले. चव्वेचाळीस वर्षांच्या नियंत्रणाने गंगाजळी राखली गेली नव्हती, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता असणार? नियंत्रणे नसती तर ती राखली गेली असती, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. उत्साही लेखक येथे घसरतात.

यानंतरचा बदल एका झटक्यात झालेला नाही. १९९३ मध्ये फेराच्या नखांना कात्री लागली. ऑगस्ट १९९४ मध्ये रुपया चालू खात्यावर परिवर्तनीय झाला. शिक्षण, प्रवास, आयात यांसाठी डॉलर मिळणे सुकर झाले. भांडवली खाते, म्हणजे परदेशात ठेव, समभाग, घर यांसाठी पैसे नेणे, बंदच राहिले. ते उघडावे की नाही, यासाठी रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर एस. एस. तारापोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मे १९९७ मध्ये तिचा अहवाल आला. नागरिकांना परदेशी बाजारांत गुंतवणुकीसाठी आरंभी वर्षाला २५ हजार डॉलर, मग ५० हजार, मग एक लाख, अशी पायरीपायरीची शिफारस त्यात होती. महिनाभरात, २ जुलै १९९७ रोजी, थायलंडने बाहतचा दर मोकळा सोडला. मग इंडोनेशिया आणि दक्षिण कोरिया यांची चलनेही कोसळली. दिल्लीत आणि मुंबईत ताकही फुंकून पिण्याची सवय होतीच. अहवाल कपाटात गेला.

कायदा मात्र बदलला. १९९९ च्या डिसेंबरमध्ये परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे ‘फेमा’, संमत झाला आणि १ जून २०००पासून लागू झाला. ‘नियमन’ जाऊन ‘व्यवस्थापन’ आले. हा शब्दबदल दिखाऊ नव्हता. उल्लंघन आता मुळात दिवाणी स्वरूपाचे ठरले. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत, पण थेट तुरुंग नाही. फेराखालील नवे खटले दाखल करून घेण्याची मुदत ३१ मे २००२ रोजी संपली. फेमात आणखी एक तरतूद आली. एखादी व्यक्ती परदेशी राहत असताना तिने तेथे कमावलेली मालमत्ता, खाती, समभाग भारतात परतल्यावरही तिला ठेवता येतील. राबिन यांचे प्रकरण आठवले की या एका कलमाचे मोल कळते.

जानेवारी २००३ मध्ये दार किलकिले झाले, पण मोठ्या चमत्कारिक अटीवर. भारतीय व्यक्तीला परदेशी सूचिबद्ध कंपनीचा समभाग घेता येईल, मात्र त्या कंपनीचा एखाद्या भारतीय सूचिबद्ध कंपनीत किमान दहा टक्के हिस्सा असला पाहिजे. म्हणजे परदेशात गुंतवायचे तरी भारताशी सोयरीक असलेल्या घरातच.

आणि मग ४ फेब्रुवारी २००४. डिसेंबर २००३ मध्ये गंगाजळीने १०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला होता. वाय. वेणुगोपाल रेड्डी गव्हर्नर होते. रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले. भारतात राहणारी कोणतीही व्यक्ती वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकेल. त्यातून समभाग, घर किंवा अन्य मालमत्ता घेऊ शकेल, आणि त्यासाठी परदेशी बँकेत खाते उघडू शकेल. रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीची गरज नाही. १९३९ पासून बंद असलेले दार एका परिपत्रकाने उघडले. आकडा तोच होता, तारापोर समितीचा २५ हजार. हीच पुढे ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’, म्हणजे एलआरएस, म्हणून रूढ झाली.

दार उघडले आणि कोणीच बाहेर गेले नाही! २००४-०५ या पहिल्या वर्षात साऱ्या देशातून या योजनेखाली गेलेली रक्कम होती सुमारे ९६ लाख डॉलर. ज्या गळतीच्या भीतीने साडेसहा दशके पहारा ठेवला, ती अशी निघाली. अर्थात त्या काळी मुंबईचा निर्देशांक चढता होता आणि घरचा बाजार सोडून परक्याकडे जाण्याचे कारणही नव्हते. शिवाय ज्यांना खरोखर पैसा बाहेर न्यायचा होता, ते परिपत्रकाची वाट पाहत थांबले नव्हते.

पुढे मर्यादा कशी बदलत गेली, ते पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २००६ मध्ये ५० हजार. मे २००७ मध्ये एक लाख. सप्टेंबर २००७ मध्ये दोन लाख. दहा महिन्यांत चौपट. या वर्षात भारतात डॉलरचा लोंढा येत होता, रुपया वधारून चाळीसच्या आत गेला होता आणि थोडे डॉलर बाहेर गेले तर रिझर्व्ह बँकेला हवेच होते. नागरिकाचे स्वातंत्र्य वाढले, त्यामागे स्वातंत्र्याविषयीची कळकळ किती आणि धरणाचे दरवाजे उघडण्याची निकड किती, हे २०१३ मध्ये कळले. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी आटोपती घेणार, या नुसत्या चाहुलीने रुपया गडगडू लागला. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, मर्यादा दोन लाखांवरून ७५ हजारांवर आणण्यात आली आणि या मार्गाने परदेशात घर घेण्यास मनाई झाली. जुने दिवस परत येणार अशी धास्ती बाजाराने घेतली. १६ तारखेला बाजार उघडला तेव्हा सेन्सेक्स ७६९ अंशांनी कोसळला. जी रक्कम रोखायची होती ती गंगाजळीच्या मानाने किरकोळ होती, भय मात्र सत्तर वर्षांचे मुरलेले होते. रुपया सावरल्यावर २०१४ च्या जूनमध्ये मर्यादा सव्वा लाख झाली आणि २०१५ मध्ये अडीच लाख. आजही ती तेवढीच आहे.

पहारा संपला का? त्याची जागा बदलली. पूर्वी पहारेकरी दाराशी उभा राहून जाणाऱ्याला अडवत असे. आता जाऊ देतो आणि कुठे गेलात, काय घेतले, ते दरवर्षी लिहून मागतो. आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची स्वतंत्र अनुसूची २०१२ च्या सुमारास आली. २०१५ चा काळ्या पैशाविषयीचा कायदा आला. परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवली नाही, तर दहा लाख रुपयांचा सपाट दंड त्यात होता. मालमत्तेवर कर देय असो वा नसो. बहुराष्ट्रीय कंपनीत काम करून पालक कंपनीचे चार समभाग मिळालेल्या कर्मचाऱ्यालाही तो लागू. छोट्या रकमांना फक्त बँक खात्यांपुरती सूट होती. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला या दंडातून वगळण्यात आले, तोवर नऊ वर्षे गेली होती. शिवाय पैसे पाठवतानाच बँक कर गोळा करू लागली. ऑक्टोबर २०२० पासून सात लाखांवरील रकमेवर पाच टक्के, ऑक्टोबर २०२३ पासून गुंतवणुकीसाठी वीस टक्के. एप्रिल २०२५ पासून ही सीमा दहा लाखांवर गेली. हा कर विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो.

२०२३-२४ मध्ये एलआरएसखाली ३१ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देशाबाहेर गेली. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा प्रवासाचा होता. परदेशी समभाग आणि रोख्यांत गेलेली रक्कम सुमारे दीड अब्ज डॉलर, म्हणजे वीस भागांतला एक भाग. एकेकाळी आठ डॉलर घेऊन निघालेल्या देशाचा डॉलर आज मुख्यतः पर्यटनावर खर्च होतो.

या कथेतला ताजा अध्याय साबरमतीच्या काठी लिहिला जात आहे. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतील आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रातील संस्था फेमाच्या दृष्टीने अनिवासी मानल्या जातात. २०२१ मध्ये एलआरएसचा पैसा तेथे नेण्यास परवानगी मिळाली. मार्च २०२२ मध्ये तेथील बाजारात निवडक अमेरिकी समभागांच्या पावत्यांचे व्यवहार सुरू झाले. जुलै २०२४ पासून तेथील बँकांत निवासी भारतीयाला परकीय चलनाचे खाते उघडून एलआरएसच्या सर्व मान्य कारणांसाठी ते वापरता येते. मुंबईहून रात्रीच्या रेल्वेने निघालेला माणूस सकाळी तेथे पोहोचतो. पारपत्र लागत नाही, ‘पी फॉर्म’ लागत नाही, आणि कायद्याच्या भाषेत त्याचे डॉलर परदेशी पोहोचलेले असतात.